नादारी ते पंचवीस टक्के : महाराष्ट्रातील फीमाफीचा इतिहास

गरीब पालकाने मुलाची शाळेची फी माफ व्हावी म्हणून अर्ज करण्याची पद्धत महाराष्ट्रात इंग्रजी अमदानीतील फी घेणाऱ्या शाळांबरोबर आली. पूर्वी तिला ‘नादारी’ म्हणत. स्वातंत्र्यानंतर तिची जागा ‘ई.बी.सी.’ने घेतली आणि गेल्या पंधरा वर्षांत खासगी शाळांपुरती ती शिक्षणहक्क कायद्यातील, म्हणजे ‘आरटीई’च्या, पंचवीस टक्के जागांच्या रूपाने चालू आहे. या तिन्ही व्यवस्थांत पालकाला सहसा आपण गरीब आहोत हे दाखवून द्यावे लागते. ते कोणापुढे आणि कोणत्या कागदाने दाखवायचे, आणि मिळालेली माफी मेहेरबानी समजायची की हक्क, हे मात्र काळानुसार बदलत गेले.

इंग्रजी राज्यापूर्वीच्या गावशाळेत ठरावीक तारखेला भरायची रोख फी सहसा नसे. पंतोजीला धान्य, शिधा, सणावाराला काही आणि शिक्षणाचा एखादा टप्पा पुरा झाल्यावर थोडे पैसे मिळत. कोणी किती द्यायचे हे घराच्या ऐपतीवर ठरे. अर्थात ही सोय मोजक्या जातींपुरतीच होती. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना आणि जवळजवळ सर्वच मुलींना त्या शाळेत जागा नव्हती, त्यामुळे त्यांच्या फीचा प्रश्न कधी उद्भवलाच नाही. पेशवाई संपल्यावर १८२१मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात कंपनी सरकारने हिंदू कॉलेज काढले, तेव्हा विद्वानांना दक्षिणा देण्याच्या जुन्या परंपरेला धरून तेथील विद्यार्थ्यांना उलट विद्यावेतन दिले जाई. विद्यार्थ्याने सरकारला पैसे द्यायचे ही कल्पना लोकांच्या पचनी पडायला पुढे बराच काळ लागला.

ती धोरण म्हणून पक्की झाली १८५४च्या वुडच्या खलित्याने. खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत या खलित्यापासून सुरू झाली, आणि अनुदान घेणाऱ्या शाळेने विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना पण फी घेतलीच पाहिजे, अशी अट त्यात होती. फुकट मिळालेल्या शिक्षणाची किंमत राहत नाही आणि पैसे मोजले की हजेरी नियमित राहते, असा त्यामागचा विचार होता. पुढील वर्षी मुंबई इलाख्यात शिक्षण खाते स्थापन झाले, १८५७मध्ये मुंबई विद्यापीठ आले आणि मॅट्रिकपर्यंतच्या इंग्रजी शाळा जिल्ह्याजिल्ह्यांत उभ्या राहू लागल्या. सरकारी नोकरीचा रस्ता याच शाळांतून जात असे. मराठी प्राथमिक शाळेची फी किरकोळ होती, इंग्रजी शाळेची मात्र तिच्या कितीतरी पट. शेतकरी, कारागीर किंवा भिक्षुक घरातील मुलगा मराठी शाळा संपवून तिथेच थांबे, त्याचे हे एक ठळक कारण होते.

या रचनेतला अन्याय पैशांच्या हिशेबात मांडून दाखवणाऱ्या पहिल्या माणसांत जोतीराव फुले होते. १८८२मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी साधा मुद्दा मांडला : सरकारी तिजोरी रयतेच्या घामातून भरते, मात्र तीतून चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या जातींना होतो. मुंबई इलाख्यात सारावसुलीबरोबर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई आणि त्यातील एक तृतीयांश शिक्षणासाठी राखलेला असे. म्हणजे ज्या कुणब्याचे मूल शाळेची पायरी चढत नव्हते, तोही शाळेसाठी पैसे मोजतच होता. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी फुले यांनी केली. ती मान्य व्हायला भारताला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. हे निवेदन आज वाचताना फीमाफीचा प्रश्न दयेच्या चौकटीतून बाहेर काढून कराच्या चौकटीत ठेवण्याचे काम त्यांनी किती लवकर केले, हे लक्षात येते. रयतेने पैसे आधीच भरले आहेत, आता तिच्या मुलांना शिकवा, असा त्यांचा रोकडा दावा होता.

प्रत्यक्षात मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात गरीब मुलाच्या वाट्याला आली ती नादारी. इंग्रजी शाळेत काही जागा विनाफी किंवा अर्ध्या फीच्या ठेवल्या जात. पहिली पूर्ण नादारी, दुसरी अर्धी. त्यासाठी मुलाने किंवा पालकाने मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहायचा. अर्जात घरची स्थिती सांगायची : वडील वारले, जमीन गहाण पडली, भिक्षुकीवर घर चालते, खाणारी तोंडे इतकी. गावातील एखाद्या वकिलाची किंवा मामलेदार कचेरीतील कारकुनाची शिफारस जोडता आली तर अर्जाला वजन येई. उत्पन्नाची ठरलेली मर्यादा नव्हती आणि ते दाखवणारा ठरलेला कागदही नव्हता. गरिबीबरोबर हुशारीही पाहिली जाई. वार्षिक परीक्षेत घसरण झाली की नादारी जायची आणि नादारी गेली की बहुधा शाळाही सुटायची. म्हणजे फी भरणाऱ्या मुलाला नापास होण्याची मुभा होती, नादाराला नव्हती.

या पद्धतीने अनेक मुलांना तारले हे खरे आहे, आणि कित्येक मुख्याध्यापकांनी फीचे पैसे गुपचूप स्वतःच्या खिशातून भरल्याच्या आठवणी त्या पिढीच्या आत्मचरित्रांत विखुरलेल्या आहेत. पण निर्णय एका माणसाच्या मर्जीवर सोडलेला होता. ज्या घराला अर्ज लिहिता येत नाही आणि शिफारस द्यायला ओळखीचे कोणी नाही, त्या घरापर्यंत नादारी पोहोचणे अवघड होते. इंग्रजी शाळांतील शिक्षक आणि चालक बहुतेक एकाच समाजातले असल्याने ओळखही त्याच वर्तुळात फिरत राही.

फी माफ झाली तरी शहरात राहून शिकणाऱ्या मुलाच्या जेवणाचा प्रश्न उरे. पुण्यासारख्या ठिकाणी गरीब ब्राह्मण मुले माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. सात घरी सात वार ठरले की आठवडा निभावे, एखादे घर गावाला गेले की त्या दिवशी उपास. औंधसारख्या संस्थानात गरीब मुलांची सोय होते असे ऐकून दूरच्या गावांहून मुले तिकडे जात. कोकणातून आलेले साने गुरुजी त्यांच्यापैकीच एक. १९०९मध्ये पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह स्थापन झाले, तेच आजचे पुणे विद्यार्थी गृह. घरोघर फिरणाऱ्या विद्यार्थ्याला एका छपराखाली जेवण आणि अभ्यासाची जागा देणे हे अशा संस्थांचे काम होते. ब्राह्मणेतर मुलांना माधुकरीचा आधारही नव्हता. त्यांच्यासाठी कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१पासून जातवार वसतिगृहांना जागा, इमारती आणि अनुदान दिले. कोल्हापूर शहरातील बोर्डिंगांची ती मालिका म्हणजे फीमाफीच्या पुढची पायरी होती, कारण खेड्यातल्या मुलाला शहरात शिकण्याचा खरा खर्च फीपेक्षा राहण्या-जेवण्याचाच मोठा असे.

अर्जाची गरजच संपवण्याचा पहिला मोठा प्रयत्नही संस्थानांतच झाला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३मध्ये अमरेली भागात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६पर्यंत ते सर्व राज्यभर लागू केले. शाहू महाराजांनी १९१७मध्ये करवीर संस्थानात तसाच कायदा केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. येथे पालकाने आपण गरीब आहोत हे सांगायचेच नव्हते. मूल शाळेत पाठवायचे, इतकीच अट होती, आणि न पाठवल्यास उत्तर द्यायचे होते. उच्च शिक्षणासाठी सयाजीरावांनी निवडक विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या. १९०७मध्ये मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना कृष्णराव अर्जुन केळूसकरांच्या खटपटीमुळे बडोद्याची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते एल्फिन्स्टन कॉलेजात शिकू शकले. एका राजाच्या उदारतेवर आणि एका शिक्षकाच्या शब्दावर इतके मोठे आयुष्य अवलंबून होते, ही गोष्ट त्या काळच्या व्यवस्थेविषयी पुष्कळ सांगून जाते.

ब्रिटिश मुलखात हाच विचार कायद्यात आणण्याचा प्रयत्न गोपाळ कृष्ण गोखले यांनी केला. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते अतिशय सावध होते. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना, तेही स्थानिक संस्थेने ठरवले तरच आणि सरकारची परवानगी मिळाली तरच, सक्ती लागू व्हायची होती. त्यात एक कलम फीमाफीच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. ज्या पालकाचे उत्पन्न महिना १० रुपयांहून जास्त नाही, त्याच्याकडून सक्तीच्या क्षेत्रात फी घेऊ नये, असे ते कलम सांगत होते. मुख्याध्यापकाच्या अंदाजाऐवजी एक आकडा, आणि त्या आकड्याखालच्या प्रत्येकाला माफी, हा विचार येथे देशपातळीच्या विधेयकात लिहिला गेला. सरकारी सभासद, जमीनदार प्रतिनिधी आणि खर्चाच्या आकड्यांना बिचकलेले इतर यांनी मिळून १९१२च्या मार्चमध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक फेटाळले. उत्पन्नाच्या मर्यादेची कल्पना मात्र राहिली आणि स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रातील ई.बी.सी.ची फीमाफी तिच्यावरच उभी राहिली.

१९१८मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभा देणारा कायदा झाला, आणि १९२५मध्ये मुंबई महापालिकेने एफ व जी या वॉर्डांत ते सुरू केले. हे वॉर्ड गिरणी कामगारांच्या वस्त्यांचे होते. हायस्कूल आणि कॉलेजची फी मात्र वाढतच होती. १९२७मध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी सरकारच्याच हिशेबातील आकडे पुढे ठेवले. कला महाविद्यालयांवरील खर्चापैकी सुमारे ३६ टक्के, हायस्कूलच्या खर्चापैकी ३१ टक्के आणि मिडल स्कूलच्या खर्चापैकी २६ टक्के रक्कम फीमधून वसूल होत होती. याला त्यांनी शिक्षणाचा व्यापार म्हटले. खालच्या जाती नुकत्याच हायस्कूलच्या दारापर्यंत येत असताना सरकारने शिक्षण स्वस्त करायला हवे, असे त्यांचे म्हणणे होते. नादारीच्या काही जागा वाढवून हा प्रश्न सुटणारा नव्हता, हे त्यांच्या आकड्यांतून स्पष्ट होते.

सातारा जिल्ह्यात भाऊराव पाटलांनी वेगळी वाट काढली. १९१९मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. तिथे मुले शेतात राबत, भाकऱ्या भाजत, इमारतीचे दगड वाहत आणि शिकत. १९४०मध्ये संस्थेने साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल काढले आणि ते विनाफी, निवासी ठेवले. ‘कमवा आणि शिका’ या व्यवस्थेत मुलाने अर्जाऐवजी श्रम द्यायचे होते. नादारीत जी मान खाली घालावी लागे, ती इथे ताठ राहिली. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने विकले, हे साताऱ्यात आजही सांगितले जाते. एका बाजूला त्या घरातले सोने आणि दुसऱ्या बाजूला मुलांचे श्रम, यांवर जे चालले ते खरे तर सरकारने करायचे काम होते.

स्वातंत्र्याच्या वर्षीच, १९४७मध्ये, मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम झाला आणि प्राथमिक शाळेची फी हा विषय बराचसा मिटला. राज्यघटनेच्या ४५व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचे उद्दिष्ट ठेवले. मागासवर्गीय विद्यार्थ्यांना वेगळी फीमाफी आणि शिष्यवृत्ती मिळू लागली. अनुसूचित जातींसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तर १९४४पासूनच चालू होती. आता प्रश्न उरला होता तो मागासवर्गीय यादीत नसलेल्या, पण फी न परवडणाऱ्या घरांचा. कोरडवाहू शेतकरी, लहान दुकानदार, शिंपी, हमाल, गिरणी कामगार, भिक्षुक आणि मोलकरणी यांची मुले सातवीनंतर फीपाशी अडत होती.

द्विभाषिक मुंबई राज्याच्या अखेरच्या काळात, १९५९मध्ये, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वार्षिक ९०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी देण्याचा निर्णय झाला. महाराष्ट्र राज्य आल्यानंतर बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना ही मर्यादा १२०० रुपयांवर गेली आणि सवलतीला मोठा विस्तार मिळाला. आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक तिला ‘ई.बी.सी.’ म्हणू लागले. पाटण, माण, खानापूर अशा तालुक्यांतील जुन्या पिढीत आजही बाळासाहेबांचे नाव याच सवलतीबरोबर घेतले जाते. महिना शंभर रुपये उत्पन्न ही मर्यादा तेव्हा इतकी रुंद होती की ग्रामीण महाराष्ट्रातील फार मोठा भाग तिच्या आत आला. तालुक्याच्या गावी निघालेल्या नव्या हायस्कुलांत आणि कॉलेजांत पहिल्यांदाच शेतकऱ्यांची मुले बाकांवर दिसू लागली. या राज्याच्या शिक्षणात इतक्या थोड्या गाजावाजात इतका दूरगामी बदल घडवणारा दुसरा निर्णय दाखवणे कठीण आहे.

ई.बी.सी.ची कार्यपद्धती समजून घेण्यासारखी आहे, कारण आजच्या अर्जांचा साचा तिथेच तयार झाला. जूनमध्ये शाळा सुरू झाली की कार्यालयातून छापील फॉर्म मिळे. त्यावर पालकाचे नाव, धंदा, जमीन किती व कोणत्या प्रकारची, वर्षाचे एकूण उत्पन्न आणि शिकणारी मुले किती हे भरायचे. नोकरदाराने मालकाकडून पगाराचा दाखला आणायचा. शेतकऱ्याने तलाठ्याकडे जायचे. तलाठी सातबारा आणि खातेउतारा पाहून उत्पन्नाचा अंदाज धरी आणि दाखला लिही, वरच्या कचेरीचा शिक्का लागत असे तेथे तालुक्याला एक खेप पडे. हातावर पोट असलेल्या मजुराकडे यातले काहीच नसे, त्याच्यासाठी प्रतिज्ञापत्र किंवा सरपंचाचा दाखला चाले. फॉर्म शाळेत जमा झाले की कारकून त्यांची यादी करी आणि ती शिक्षण खात्याकडे जाई, १९६२मध्ये जिल्हा परिषदा आल्यानंतर जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे. फीचे पैसे पालकाच्या हाती कधीच येत नसत. सरकार ते प्रमाणित दराने संस्थेला देई. समाधानकारक प्रगती आणि हजेरी या अटी राहिल्याच. नापास झालेल्या मुलाची सवलत बंद होई, त्यामुळे नादारीतला तो जुना काटा ई.बी.सी.तही टिकून राहिला.

तरीही फरक मोठा होता. उत्पन्न मर्यादेच्या आत असेल तर मुख्याध्यापकाला नाही म्हणता येत नव्हते. माफी ही मुलाच्या हुशारीची किंवा ओळखीची बक्षिसी राहिली नाही. दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. शेतीचे उत्पन्न कागदावर कमी दाखवणे सोपे होते आणि पगारदाराचे अशक्य. त्यामुळे गावच्या बागायतदाराचा मुलगा ई.बी.सी.त आणि कारकुनाचा मुलगा फी भरणाऱ्यांत, अशी तक्रार वर्षानुवर्षे होत राहिली. उलट खरोखर निराधार बाईला तलाठ्याचा दाखला मिळवण्यासाठी चार खेपा घालाव्या लागत आणि प्रत्येक खेपेला एक रोज बुडे. मर्यादा कागदाने मोजायची ठरली की ज्याच्याकडे कागद मिळवण्याची ताकद आहे तो पुढे जातो. हा दोष ई.बी.सी.तून पुढच्या प्रत्येक योजनेत उतरला.

दुष्काळाच्या वर्षांसाठी वेगळी तरतूद रूढ झाली. ज्या गावाची पैसेवारी ५० पैशांच्या आत येते, तेथील विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ केली जाते. येथे प्रत्येक घराची गरिबी तपासली जात नाही, गावच्या पिकाचा अंदाज पुरतो. एकेका पालकाला दारोदार न फिरवता सवलत कशी देता येते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

१९८०च्या दशकाच्या मध्यात राज्याने मुलींना बारावीपर्यंत मोफत शिक्षण दिले, आणि १९९०च्या दशकाच्या मध्यापासून सरकारी व अनुदानित शाळांत दहावीपर्यंत सर्वांनाच शिक्षण फी माफ झाली. शाळेपुरता ई.बी.सी.चा फॉर्म यामुळे निरर्थक ठरला. लाखो घरांना तलाठी कचेरीची पायरी चढण्याची गरज उरली नाही. सत्र फी, परीक्षा फी, गणवेश, वह्या यांचा खर्च उरला खरा, पण फी भरली नाही म्हणून वर्गाबाहेर उभे करण्याचा प्रसंग त्या शाळांतून पुष्कळ अंशी गेला. फीमाफीच्या या साऱ्या इतिहासात सर्वांत जास्त गरिबांपर्यंत पोहोचलेली माफी हीच, कारण तिच्यासाठी कोणालाच अर्ज करावा लागला नाही.

पण याच काळात दुसरीकडे फी घेणाऱ्या संस्थांचे नवे जग उभे राहत होते. १९८३मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. शाळांतही विनाअनुदानित, नंतर स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी माध्यमाच्या शाळा वाढल्या. तेथील फी काही हजारांत, शहरांत लाखांत गेली. ई.बी.सी.ची चौकट या फीसाठी बनवलेलीच नव्हती. ज्या पालकाला इंग्रजी शाळा हवी होती पण परवडत नव्हती, तो पुन्हा एकदा एखाद्या संस्थाचालकाच्या मर्जीवर येऊन थांबला.

२००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क झाले. त्यावर आधारलेला बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९मध्ये आला आणि १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्याच्या कलम १२(१)(क)नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या आहेत. संस्थाचालकांनी याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १२ एप्रिल २०१२ रोजी न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली, विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा मात्र तिच्या बाहेर राहिल्या.

महाराष्ट्रात यासाठी पालक ऑनलाइन अर्ज भरतो. नकाशावर आपले घर दाखवायचे, आसपासच्या शाळांतून पसंतीच्या शाळा निवडायच्या. एक किलोमीटरच्या आतील घरांना आधी संधी मिळते, मग तीन किलोमीटरपर्यंतच्यांना. जागांहून अर्ज जास्त आले की सोडत निघते. ज्याचे नाव येते त्याने जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा आणि गटानुसार जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला पडताळणी समितीपुढे ठेवायचा. अनुसूचित जाती-जमाती आदी वंचित गटांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाची अडचण येथेच होते : घरमालक नोंदणीकृत भाडेकरार करून देत नाही, आणि कराराशिवाय पत्ता सिद्ध होत नाही. त्यामुळे सोडतीत नाव लागूनही प्रवेश हुकतो. जुन्या काळी ज्याला शिफारस मिळत नसे तो नादारीला मुकत असे, आज भाडेकरार नसलेला आरटीईला मुकतो.

या जागांच्या फीची भरपाई सरकार शाळेला करते. महाराष्ट्राने ती दर विद्यार्थ्यामागे वर्षाला कमाल १७,६७० रुपये ठरवली, आणि करोनाच्या काळात ती ८,००० रुपयांपर्यंत खाली आणली. ठरलेली रक्कमही वर्षानुवर्षे थकते, अशी संस्थाचालकांची तक्रार आहे आणि ती खोटी नाही. पण तिची झळ शेवटी मुलाला लागते. फी माफ असलेल्या मुलाकडून पुस्तके, गणवेश, उपक्रम अशा नावांनी पैसे मागितले जातात, आणि पालक नाही म्हणायला घाबरतो.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलला. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांच्या बंधनातून सूट देण्यात आली. शहरांत अशी शाळा जवळपास कुठे ना कुठे असतेच, त्यामुळे बहुतेक खासगी शाळांची सुटका झाली असती. पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने मे महिन्यात बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो मूळ कायद्याशी विसंगत म्हणून रद्द केला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. त्या वर्षी आधी जुन्या आणि मग नव्या अर्जांच्या गोंधळात पालकांना दोनदा अर्ज भरावे लागले आणि पहिलीचे वर्ग सुरू झाल्यावरही मुले घरी बसली.

महाविद्यालयांतील ई.बी.सी. सवलत आता राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती या नावाने चालते. २०१६मध्ये तिची उत्पन्नमर्यादा सहा लाख आणि त्यानंतर लवकरच आठ लाख झाली. व्यावसायिक अभ्यासक्रमांची निम्मी फी तीतून मिळते, आणि २०२४-२५पासून या मर्यादेतील मुलींना पूर्ण माफी आहे. पहिलीच्या आरटीई प्रवेशासाठी मात्र मर्यादा एक लाखावरच आहे. महिना दहा हजार रुपये कमावणारा सुरक्षारक्षक, वंचित गटात मोडत नसेल तर, मुलीच्या पहिलीच्या प्रवेशाला गरीब ठरत नाही आणि तीच मुलगी अभियांत्रिकीला गेली की ठरतो. ही मर्यादा वाढवून महागाईशी जोडली पाहिजे आणि शाळांची भरपाई त्या त्या वर्षी चुकती केली पाहिजे. दोन्ही गोष्टी राज्य सरकारच्या अधिकारातल्या आहेत.